मूल मोठं झालं, फळी तेवढीच राहिली: प्रवासात स्वच्छतागृह कसं शोधायचं

लेक पाच-सहा वर्षांचा होता तोवर आमचं कुठेही भागायचं. बाळांचे डायपर बदलायला भिंतीवर घडीची फळी असायची, ती नसली तर गाडीची मागची सीट, तीही नसली तर सरळ मांडी. मग एका मोठ्या इमारतीच्या स्वच्छतागृहात त्याला त्या फळीवर ठेवलं आणि बिजागरी करकरली. वाकून बघितलं तर कडेला बारीक अक्षरांत वजनाची मर्यादा लिहिली होती. ती त्याने केव्हाच ओलांडली होती. त्या फळ्या बाळांसाठीच असतात आणि त्यांची मर्यादा साधारण २०-२५ किलोंच्या आसपास असते. आज तो चौदा वर्षांचा आहे, वजन ४१ किलो. उभं राहता येत नाही, डायपर लागतो, आणि लाज मात्र त्याच्या वयाच्या कुठल्याही मुलाला वाटते तेवढीच वाटते.

या आठ-नऊ वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. दारावरचं व्हीलचेअरचं चित्र खुर्चीबद्दल सांगतं, मुलाबद्दल नाही. खुर्ची आत जाईल एवढाच त्याचा अर्थ. आत गेल्यावर मुलाला आडवं कुठे करायचं, कमोडवर कुठल्या बाजूने सरकवायचं, हे त्या चित्रात नसतं. म्हणून शोधाची सुरुवात नकाशापासून करू नका, आपल्या मुलापासून करा.

आधी घरी बसून: आपल्याला नक्की काय लागतं?

एका कागदावर लिहून काढा. मूल कमोडवर बसतं का? बसलं तर पाठीला टेका लागतो का? दांडा धरून अर्धा मिनिट तरी उभं राहतं का? कमोडवर जाताना डावी बाजू बरी पडते की उजवी? आडवं करावंच लागतं का? उचलायला एक माणूस पुरतो की दोन? मोठ्या आवाजाला घाबरतं का? दार उघडून पळतं का?

या उत्तरांवर तुमची जागाच बदलते. अर्धा मिनिट उभं राहणाऱ्या मुलाला भक्कम दांडा असलेली साधी खोली चालते, आडवं करावं लागणाऱ्याला ती चालत नाही. चालतं-फिरतं पण एकटं सोडता न येणारं मूल असेल तर तुम्हाला रुंद दारापेक्षा दोघं मावतील अशी, आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली हवी. ऑटिझम असलेल्या मुलांचे बरेच पालक इथे फसतात. त्यांना वाटतं, आपल्याला खुर्ची नाही, मग ती खोली आपली नाही. ती तुमचीही आहे.

मग टेप घ्या. खुर्चीची सर्वांत रुंद जागा मोजा. ती बहुतेक वेळा चाकाच्या बाहेरच्या कड्यापाशी असते. तिथे हाताची बोटंही असतात, ती धरून मोजा. लांबी पायाच्या पट्टीसकट मोजा, कारण मूल वाढतं तशी ती पट्टीही पुढे सरकते आणि दार लावताना नेमकी तीच आडवी येते. अंदाज यावा म्हणून सांगते: अमेरिकेच्या सुलभतेच्या मानकांत दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच, म्हणजे सुमारे ८१ सेंटीमीटर धरली आहे, खुर्ची गोल फिरवायला ६० इंच व्यासाची, म्हणजे दीड मीटरची जागा, आणि कमोडच्या बैठकीची उंची १७ ते १९ इंच. मुलाच्या खुर्चीची बैठक याच उंचीच्या जवळपास असेल तर सरकवणं सोपं जातं. चार इंचांचा फरक असला तर ते सरकवणं राहत नाही, उचलणं होतं.

वेळेचं गणित

प्रवासाचा दिवस ठरवताना आम्ही आधी शूच्या वेळा लिहितो आणि मग बाकीचं त्यात बसवतो. तीन-चार दिवस घरी नोंद ठेवली की मुलाचं अंतर कळतं. त्यातून पाऊण तास वजा करा, कारण गर्दी, लिफ्ट, चावी शोधणं यात तेवढा वेळ जातोच. शीचं वेळापत्रक जेवणाशी बांधलेलं असतं. पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे जेवल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने बसवलं तर काम होण्याची शक्यता जास्त. म्हणून जेवणाचा थांबा चांगल्या स्वच्छतागृहाच्या जवळ ठरवावा. आधी स्वच्छतागृह, मग जेवणाची जागा, हा क्रम नातेवाइकांना विचित्र वाटतो. वाटू द्या.

पाणी कमी पाजणं हा उपाय नाही. सगळे कधी ना कधी करतात, मीही केलंय. लघवी घट्ट होते, संसर्गाला वाव मिळतो, बद्धकोष्ठ वाढतं आणि परतल्यावर आठवडाभर निस्तरत बसावं लागतं. कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, लघवी काढावी लागणाऱ्या मुलांची वेळ चुकवून तर अजिबात चालत नाही. मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेली असेल तर नुसत्या तुंबलेल्या मूत्राशयानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम येणं ही त्याची लक्षणं, आणि ती तातडीची बाब आहे. अशा मुलासाठी पुढच्या थांब्याची वाट न बघता मिळेल त्या आडोशाला मूत्राशय रिकामं करावं. स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, असलेल्या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी असण्याचं प्रमाण बरंच आहे, त्यामुळे हातमोजे नायट्राइलचे घ्या आणि दुसऱ्याने देऊ केलेले वापरू नका.

कुठे शोधायचं

नकाशाच्या ॲपवर सुरुवात करायला हरकत नाही. गुगल मॅप्सवर बऱ्याच ठिकाणांच्या माहितीत सुलभ प्रवेशद्वार आणि सुलभ स्वच्छतागृह वेगवेगळं दाखवलेलं असतं. दोन्ही बघा, कारण एक असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही. व्हीलमॅप नावाचा नकाशा बर्लिनच्या एका संस्थेने २०१० मध्ये सुरू केला. तो जगभर चालतो आणि त्यात खुर्ची कितपत जाते याची लोकच हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत नोंद करतात. स्वच्छतागृहाची नोंद तिथेही वेगळी असते. मात्र माझा जास्त भरवसा फोटोंवर. ठिकाणाच्या फोटोंमध्ये लोकांनी टाकलेले स्वच्छतागृहाचे फोटो शोधा. एका फोटोत जे दिसतं ते दहा अभिप्रायांत नसतं.

ॲपवर काहीच मिळालं नाही तर इमारतीच्या प्रकारावरून अंदाज बांधायचा. नवी इमारत जुनीपेक्षा बरी. मोठी रुग्णालयं, विमानतळ, संग्रहालयं, मोठी ग्रंथालयं, मॉल, मोठ्या हॉटेलांचा तळमजला, साधारण या क्रमाने नशीब साथ देतं. पेट्रोल पंप माझ्या यादीत तळाला आहे. आडवं करायचं असेल तर स्वच्छतागृहाचा नाद सोडून पलंग कुठे आहे ते शोधा: मैदानं आणि करमणूक उद्यानांतली प्रथमोपचाराची खोली, पोहण्याच्या तलावावरची अपंगांसाठीची कपडे बदलायची खोली (तिथे बहुधा रुंद बाक असतो), फिजिओथेरपीचं केंद्र, विशेष मुलांची शाळा. विशेष शाळेत फोन केला तर तिथल्या मावशींना एका वाक्यात कळतं, आणि मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

काही देशांत याची नीट व्यवस्था आहे, परदेशी जाणार असाल तर आधी माहीत असावी. ब्रिटनमध्ये २००६ पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची मोहीम चालते. त्या नावाच्या खोलीत मोठ्या माणसाला झोपवता येईल असा, उंची कमी-जास्त होणारा बाक, छतावरून उचलणारा हॉइस्ट, दोन्ही बाजूंनी मदतनीस उभा राहील असा मधोमध बसवलेला कमोड आणि आडोशाचा पडदा असतो. खोली १२ चौरस मीटरची. इंग्लंडमध्ये २०२१ पासून काही प्रकारच्या नव्या मोठ्या सार्वजनिक इमारतींत ती बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियातही याच नावाच्या खोल्या आहेत. मात्र हॉइस्टला लागणारी झोळी बहुतेक ठिकाणी आपलीच न्यावी लागते, आणि तिच्या अडकवण्या तिथल्या हॉइस्टला जुळतात का हे विचारून ठेवावं लागतं. जपानमध्ये रेल्वे स्थानकांवर बहुउपयोगी स्वच्छतागृहं सर्रास आहेत, काहींत मोठ्यांसाठीचा घडीचा पलंगही असतो.

चावीचाही प्रश्न असतो. ब्रिटनमध्ये १९८१ पासून रडार नावाची एकच चावी हजारो सुलभ स्वच्छतागृहांना चालते. जर्मनी आणि आसपासच्या देशांत ‘युरोकी’ आहे, तीही १९८६ पासून. ऑस्ट्रेलियात वेगळी. या चाव्या आधी मागवता येतात. तिथे पोचून शोधत बसलात तर रविवारी दुपारी कुलूपबंद दारासमोर उभे राहाल.

फोन करा, पण प्रश्न बदला

‘तुमच्याकडे अपंगांसाठी सोय आहे का?’ असं विचारलं की उत्तर एकच येतं: ‘हो, आहे ना.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याने ते दार कधी उघडलेलंच नसतं. एकदा अशा ‘आहे ना’वर विसंबून आम्ही एका ठिकाणी दोन तास गाडी चालवत गेलो. दार रुंद, दांडे चकचकीत. आत फरशी पुसायच्या तीन बादल्या, मोडक्या खुर्च्यांचा ढीग आणि कमोडवर पुठ्ठ्याची खोकी. माणूस ओशाळला, धावत आला, सगळं बाहेर काढायला त्याला दहा मिनिटं लागली. लेकाला एवढा दम नव्हता.

तेव्हापासून मी असं विचारते:

- रस्त्यापासून त्या दारापर्यंत एखादी पायरी किंवा उंबरठा आहे का? एक असली तरी सांगा.
- दार आत उघडतं की बाहेर?
- ते पुरुषांच्या किंवा स्त्रियांच्या भागाच्या आत आहे की स्वतंत्र आहे?
- कुलूप असतं का, चावी कोणाकडे, आणि तो माणूस जेवायला गेला तर?
- सध्या आत काही सामान ठेवलंय का?

आणि शेवटी विनंती: ‘दारात उभं राहून एक फोटो पाठवाल का?’ बहुतेक लोक पाठवतात. फोटो काढायला गेले की बादल्या त्यांनाच दिसतात आणि आपण पोचेपर्यंत हललेल्या असतात.

दार आत उघडतं की बाहेर हा प्रश्न फालतू वाटेल. आत उघडणाऱ्या दाराच्या छोट्या खोलीत खुर्ची जाते, तुम्हीही जाता, पण दार लागत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला उघड्या दारात स्वच्छ करणं ही कल्पनाच करू नका.

पिशवी

डायपर, वाइप्स, कपड्यांचे दोन जोड हे सांगायला नको. मी भर देईन ती वेगळी यादी अशी. मोठं मेणकापड किंवा घडीची जाड चटई, मुलाच्या उंचीएवढी. तिची एक बाजू कायम खालची ठरवून त्यावर फुली मारून ठेवा, म्हणजे जमिनीला लागलेली बाजू पुढच्या वेळी पाठीला लागणार नाही. वर टाकायला शोषणारे अंडरपॅड. एक मोठी पातळ चादर, ती आडोसा, पांघरूण आणि झोळी तिन्ही होते. कचऱ्याच्या जाड पिशव्या, कारण बाळांच्या डब्यात मोठा डायपर मावत नाही. दाराची कडी तुटकी असली तर आतून लावायला रबरी पाचर. चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या, त्या कशाला ते पुढे सांगते.

आणि झाकणाचं युरिनल. हे मी फार उशिरा घेतलं. मुलांचं वेगळं मिळतं, मुलींसाठी वेगळ्या तोंडाचंही मिळतं. खुर्चीतच बसून, चादर मांडीवर टाकून शू होते. पुढे निवांत जागी ओतून धुतलं की झालं. आमच्या निम्म्या शोधाशोधी या एका वस्तूने संपल्या.

डायपरचा प्रकारही जागेनुसार ठरवा. उभं राहून बदलायचा असेल तर चड्डीसारखा, ज्याच्या बाजू फाडून काढता येतात. आडवं करून बदलायचा असेल तर पट्ट्यांचा. आम्ही दोन्ही नेतो.

दारात पोचल्यावर

मुलाला बाहेर कोणाजवळ तरी थांबवून आधी स्वतः आत डोकावा. फरशी ओली आहे का? बैठक हलते का? दांड्यावर आपलं पूर्ण वजन टाकून बघा, भिंतीतून सुटलेले दांडे मी दोनदा पाहिलेत. कमोडच्या कुठल्या बाजूला मोकळी जागा आहे ते बघा, ती तुमच्या कागदावरच्या बाजूशी जुळते का? मदतीची लाल दोरी असली तर ती जमिनीपर्यंत लोंबती हवी. सफाईच्या वेळी गाठ मारून वर बांधलेली असते. सोडा ती गाठ. पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचायला हवा, म्हणून तर ती असते.

कमोडची पाणी सोडणारी यंत्रणा सेन्सरची असेल तर तिच्या काळ्या डोळ्यावर चिकटपट्टीची चिठ्ठी लावा. मूल जरा हललं की खालून धो-धो पाणी सुटतं आणि त्या एका दचक्याने पुढचे सहा महिने मूल अनोळखी कमोडवर बसत नाही. निघताना चिठ्ठी काढली की झालं. हात वाळवायच्या यंत्राच्या आवाजासाठी कान झाकायचे हेडफोन आत जायच्या आधीच घाला, आत गेल्यावर उशीर झालेला असतो.

आई आणि मोठा मुलगा, बाप आणि मोठी मुलगी

स्वतंत्र खोली असेल तर प्रश्नच नाही, म्हणून ती पहिली. नसेल तर मी लेकाला स्त्रियांच्या बाजूला नेते, आणि दारातच मोठ्याने सांगते: ‘मुलाला मदत लागते, आत येतेय, दहा मिनिटं.’ अजिजी न करता, माहिती दिल्यासारखं. बहुतेक बायका बाजूला होतात, एखादी नाक मुरडते. मुलीला घेऊन गेलेल्या बापांचं जास्त अवघड होतं. त्यांनी आधी तिथल्या कर्मचाऱ्याला गाठावं. कर्मचारी दारात उभा राहिला की वाद होत नाहीत, आणि पुरुषांच्या बाजूला जाणं भाग पडलं तर तो आत येणाऱ्यांना दोन मिनिटं थोपवून धरतो. मुलीची पाळी सुरू झाली असेल तर पॅड बदलायची वेळही शूच्या वेळेशी जोडा, म्हणजे फेऱ्या वाढत नाहीत.

ज्या मुलांचं अपंगत्व वरून दिसत नाही त्यांच्या पालकांना टोमणे जास्त बसतात. हिरव्या पट्ट्यावर सूर्यफुलांचं चिन्ह असलेली एक गळपट्टी लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सुरू झाली. आता अनेक देशांतल्या विमानतळांवरचे कर्मचारी ती ओळखतात. घालायची की नाही हे मात्र मुलाला विचारून ठरवा.

जागाच मिळाली नाही तर

तर जमीन उरते. मी स्पष्टच सांगते: एकटी असेन तर लेकाला जमिनीवर घेत नाही. खाली उतरवणं जमतं, वर घेणं जमत नाही. दोघं असू तर एकजण काखेखाली, दुसरा गुडघ्यांखाली, पाठ ताठ ठेवून आपण गुडघ्यांत वाकायचं आणि मोजून एकाच वेळी उचलायचं. आडवं केल्यावर उचलाउचल बंद. कुशीवर वळवायचं, जुना डायपर काढून नवा पाठीखाली सरकवायचा, दुसऱ्या कुशीवर वळवून ओढून घ्यायचा.

एकटे असाल तर खुर्चीची पाठ मागे कलते का बघा. कलली तर पट्ट्यांचा डायपर खुर्चीतच बदलता येतो, वेळ दुप्पट लागतो एवढंच. गाडी मोठी असेल तर मागची सीट पाडून चटई टाका, खिडक्यांना चादर लावा. ते कुठल्याही कळकट फरशीपेक्षा स्वच्छ असतं.

फरशीवर असताना लेक छताकडे बघतो आणि मला दिव्यांची संख्या सांगतो. त्याचा तो मार्ग आहे. मी काय करतेय ते त्याला प्रत्येक पायरीला आधी सांगते, ‘आता कूस बदलूया’, ‘आता गार लागेल’, आणि पोटावरची चादर शेवटपर्यंत काढत नाही. हात कोणाचा लागणार हे त्याला आधी विचारलेलं असतं. अनोळखी माणसाची मदत उचलण्यापुरतीच.

विमान आणि रेल्वे

विमानातलं स्वच्छतागृह नसल्यासारखं धरा. अमेरिकेच्या नियमात १९९० पासून दोन मार्गिकांच्या नव्या मोठ्या विमानांत एक सुलभ स्वच्छतागृह लागतं, पण लहान विमानांबाबत तसा नियम २०२३ मध्ये झाला आणि तो लागू व्हायला अजून बराच काळ आहे. मार्गिकेतून नेता येणारी अरुंद चाकाची खुर्ची आधी सांगून मिळू शकते. विमानातले कर्मचारी दारापर्यंत नेतील, आत मदत करण्याची अपेक्षा ठेवू नका. आम्ही विमानात चढायची घोषणा होण्याआधी पाऊण तास शेवटची फेरी मारतो, जादा शोषणारा पॅड आत घालतो आणि उतरल्यावर पहिलं स्वच्छतागृह कुठे आहे ते विमानतळाच्या नकाशावर आधीच बघून ठेवतो. रेल्वेत सुलभ डबा कुठला हे तिकीट काढतानाच विचारा, आणि शक्यतो गाडी स्थानकावर उभी असताना उरका. हलत्या गाडीत दोघांचा तोल एकाच वेळी जातो.

वही

परतल्यावर पाच मिनिटं काढून प्रत्येक जागेची नोंद करा. फोटो खुर्चीच्या उंचीवरून काढा, उभ्या माणसाच्या नजरेतून खोली मोठी दिसते. तोच फोटो नकाशावर टाका, दुसऱ्या कोणाचा तरी फोन वाचेल. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘तळमजला, लिफ्टच्या मागे. दार बाहेर उघडतं. मोकळी जागा डावीकडे. दांडा पक्का. कडी ढिली, पाचर लावली. चावी तिकीट खिडकीत, पण एक ते दोन खिडकी बंद. जमीन कोरडी. छतावर सहा दिवे, एक बंद.’ शेवटचं वाक्य लेकाने सांगून लिहायला लावलं.